तुम्ही विचारलंत म्हणून: लाटव्हियनमधलं 'अर्'

लाटव्हियन, म्हणजे लाटव्हिया या देशाची भाषा, शिकणारी मराठी माणसं पहिल्या काही आठवड्यांतच विचारतात: 'अर्' म्हणजे मराठीत नेमकं काय? 'ने', 'शी' की 'बरोबर'? आणि त्याच्यापुढचं नाम एकवचनात द्वितीयेत, पण अनेकवचनात चतुर्थीत का जातं?

दोन्हींचं उत्तर एकच आहे, तृतीया. या भाषेतल्या तृतीयेचं वेगळं रूप मिटलं आणि तिचं काम अर् करू लागलं.

आधी उच्चार. इथे लिहिलेला 'अ' हा आखूड 'आ'सारखा म्हणायचा, 'च' चमच्यातला आणि 'झ' झाडातला.

आता वापर पाहा. 'अर् नझि' म्हणजे चाकूने, 'अर् अउतोबुसु' बसने, 'अर् द्रउगु' मित्राबरोबर, 'रुनात अर् माति' आईशी बोलणे. 'कफिया अर् पिएनु' ही दूध घातलेली कॉफी. मराठीत यासाठी चार वेगळ्या गोष्टी लागतात असं वाटतं. पण आपल्या शालेय व्याकरणातलं तृतीयेचं कोष्टक आठवा. 'ने, ए, शी'. चाकूचा 'ने' आणि आईचा 'शी' तिथेही शेजारीच बसलेत. साधन आणि सोबत यांना एकाच विभक्तीत ठेवणं आपल्याला परकं नाही.

गोंधळ होतो तो 'ने'मुळे, कारण मराठी 'ने' आणखी बरंच काही करतो. 'त्याने पत्र वाचलं' मधला 'त्याने' हा कर्ता आहे, म्हणून लाटव्हियनमध्ये तिथे साधी प्रथमा, 'विन्यश'. 'अर् विन्यु' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला 'त्याच्याबरोबर' असा अर्थ लागतो. 'भीतीने थरथरणे' यात 'ने' कारण सांगतो, तिथे 'नुओ' हवं: 'द्रेबेत नुओ बइलेम'. 'रस्त्याने जाणे' यात तो मार्ग सांगतो, तिथे 'प': 'इएत प इएलु'. आजाराचं मात्र उलट. फ्लूने आजारी असणं हे 'स्लिमुओत अर् ग्रिपु'च. हे एक पाठ करावं लागतं.

आता विभक्ती. इथे शेजारची लिथुआनियन मदतीला येते, कारण तिने तृतीया जपली आहे. तिच्यात 'मित्राला' (द्वितीया) 'द्रउगा' आणि 'मित्राने' (तृतीया) 'द्रउगु', दोन वेगळी रूपं. लाटव्हियनमध्ये शब्दांची टोकं झिजली आणि दोन्ही 'द्रउगु' झाली. अनेकवचनात तृतीयेचं रूप चतुर्थीत मिसळलं, म्हणून 'अर् द्रउगिएम'. म्हणजे अर् द्वितीया किंवा चतुर्थी 'मागत' नाही. त्याच्यापुढे जुनी तृतीयाच आहे, फक्त तिचा चेहरा एकवचनात एकीसारखा आणि अनेकवचनात दुसरीसारखा झालाय. सर्वनामांचंही तेच: 'अर् मनि' माझ्याबरोबर, 'अर् मुम्स' आमच्याबरोबर. पुढे हा साचा इतका पक्का झाला की नामाआधी येणारं कुठलंही संबंधदर्शक अव्यय अनेकवचनात चतुर्थीच घेतं. 'बेझ' (शिवाय) एकवचनात षष्ठी घेतो, 'बेझ मय्झेस' म्हणजे पावाशिवाय. पण मित्रांशिवाय म्हणायचं तर 'बेझ द्रउगिएम'. एवढा एक नियम डोक्यात बसला की निम्म्या चुका थांबतात.

तृतीया एकटी असताना तिला अर् लागतच नव्हतं. त्याच्या खुणा अजून आहेत. 'मेइतेने झिलाम अचीम', निळ्या डोळ्यांची मुलगी. यात अर् नाही, नुसती अनेकवचनी रूपं. संस्कृत शिकलेल्यांना इथे 'जटाभिस्तापसः' आठवेल. जटांवरून ओळखू येणारा तापस, तीच लक्षण सांगणारी तृतीया. आज 'अर् झिलाम अचीम' असंही म्हणतात आणि तेही बरोबर आहे. संस्कृतातही सोबत दाखवायला तृतीया पुरे असे, तरी 'रामेण सह' म्हणून 'सह' जोडलं जाई. लाटव्हियनमध्ये ते जोडणं सक्तीचं झालं.

मग हे जोडलेलं अर् आलं कुठून? त्याचा मूळ अर्थ 'बरोबर' नव्हताच. लाटव्हियन 'अरी' म्हणजे 'सुद्धा', आणि अर् त्याच कुळातलं. लिथुआनियन 'इर' (आणि) हेही त्याचं नातलग. 'चाकूने' या अर्थाच्या रूपाआधी जोर देणारं 'सुद्धा' येत गेलं आणि शेवट ओळखू येईनासे झाल्यावर अर्थाचा भार त्याच्यावर पडला. याच नातलगांपैकी लिथुआनियन 'अर' प्रश्न विचारायला वापरतात, आपल्या 'का?'सारखं, दिसायला सारखं म्हणून दोन्ही भाषा एकदम शिकणाऱ्यांनी तिथे सांभाळावं.

या अव्ययांचा सखोल अभ्यास करायचा असेल तर लाटव्हियन भाषाशास्त्रज्ञ यानिस एन्जेलीन्स (१८७३–१९६१) यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांनी १९०५-०६ मध्ये लाटव्हियन संबंधदर्शकांवर रशियनमध्ये दोन भागांचा ग्रंथ लिहिला.

अर् चा जुना अर्थ ऐकायला मात्र ग्रंथ लागत नाही. लाटव्हियाच्या राजधानीत, रिगात, कुणी 'मी कॉफी घेतो' म्हणालं आणि शेजारचा 'एस् अर्!' म्हणाला, तर तो 'माझ्याबरोबर' म्हणत नाही. तो 'मीपण!' म्हणतोय.