हाऊसटॉप गोधडी, अपडेट 4: नऊ फेऱ्या झाल्या, चौकोन काही राहिला नाही

मंडळी, दोन महिने गायब होते, सॉरी. गोधडी चालू होती, लिहायचाच कंटाळा. टॉप, म्हणजे गोधडीचा वरचा थर, आता साडेचार फुटांचा झालाय, त्यात नवऱ्याच्या तीन जुन्या जीन्स, माझा एक विटका कुर्ता आणि थ्रिफ्ट स्टोअरमधली चॉकलेटी कॉर्डरॉयची पँट. हाऊसटॉप म्हणजे मधे एक चौकोन, माझा चार इंची, त्याच्याभोवती पट्ट्या लावत लावत बाहेर यायचं. मागच्या वर्षी मी कवंदी केली होती ना, कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका करतात ती गोधडी, ती नेमकी उलटी, कडेपासून धावदोरा घालत आत जायचं. हाताला तीच सवय, त्यामुळे पहिल्या तीन फेऱ्या उसवल्या.

बरं, मुख्य बातमी. ऑक्टोबरमधे शेवटी जीज बेंडला, गोधड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला, तिथल्या गोधड्यांच्या उत्सवासाठी जाऊन आले! अटलांटाहून गाडीने अलाबामातल्या कॅम्डनपर्यंत, पुढे फेरीबोट. नदीने तीन बाजूंनी वेढलेलं गाव. ही बोट 1962 मधे बंद केली होती, का तर इथले काळे लोक मतदार यादीत नाव घालायला पलीकडे जायला लागले होते, आणि परत सुरू व्हायला 2006 उजाडलं. तोपर्यंत समोर दिसणाऱ्या काठावर जायला तासाभराचा वळसा.

उत्सवाच्या दिवशी गावभर दोऱ्यांवर गोधड्या वाळत घातलेल्या असतात, आणि बाजूला शिकवणंही चालतं. मी बसले एका आजींच्या शेजारी. त्यांची नात, असेल चौदा-पंधराची, एकीकडे फोन बघत एकीकडे सुया ओवून देत होती, सात-आठ ओवलेल्या सुया उशीत खोचून तयार. आजी म्हणाल्या, आम्ही लहानपणी गोधडी ताणून बसवलेल्या फ्रेमखाली बसून हेच करायचो, वरून बायकांच्या गप्पा ऐकत. माझी मापाची पट्टी आणि रोटरी कटर (कापड कापायचं फिरतं पातं) बघून मात्र जाम हसल्या. कापड फाडायचं म्हणे, सरळ जातं.

इथे कॉर्डरॉय कुठून आलं ते पण कळलं. 1966 मधे या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली, आणि 1972 मधे तिला सिअर्स या मोठ्या दुकान-कंपनीची कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांची ऑर्डर मिळाली. तिथे सगळे अभ्रे एकसारखे, टाका इकडचा तिकडे चालायचा नाही. उरलेले तुकडे मात्र घरी यायचे आणि घरच्या गोधडीत मनाला येईल तसे लागायचे, त्याला त्या 'माय वे' म्हणतात. मला विचाराल तर ऑर्डरच्या मालापेक्षा हेच भारी.

आणि मग नातीने एक जुनी गोधडी उलगडली आणि बोट ठेवून विचारत गेली, ही कोणाची पँट, ही कोणाची. आजी सांगत होत्या, पोरगी फोनवर रेकॉर्ड करत होती, मधेच नेटवर्क नाही म्हणून वैतागत (रेकॉर्डिंगला नेटवर्क लागतं कशाला, पण असो). गुडघ्याचा भाग तेवढा गडद, कारण तिथलं ठिगळ निघाल्यावर खालचं न विटलेलं कापड दिसतं. 1942 मधे इथल्याच मिझुरी पेटवे यांनी नवरा वारल्यावर त्याच्या शेतावरच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची हकिगत आपल्यापर्यंत आली ती त्यांच्या मुलीने, अर्लोन्झियाने, सांगितली म्हणून. पॅटर्न काय, व्हिडिओ बघून मी पण शिकले, कापड कोणाचं ते मात्र घरच्यांनीच सांगायला लागतं.

घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला, कराडची गोधडी समोर धरायला सांगितली आणि तसंच विचारत बसले. हिरवं लुगडं आजीचं, ठिपक्यांचं मामीचं. दोन तुकडे आईलाही ओळखता आले नाहीत, आणि आजी जाऊन अकरा वर्षं झाली.

असो, कामाचं. जीन्सच्या पट्ट्यांना मी माया (शिवणीबाहेरची कड) फार कमी सोडली होती, एका ठिकाणी शिवण सुटलीच, आता अर्धा इंच सोडतेय. कॉर्डरॉयची लव एका दिशेला ठेवायची राहून गेली म्हणून अर्धी फेरी काळपट दिसते, ती तशीच ठेवणार. सातव्या फेरीपासून सगळं दोन इंच डावीकडे कललंय. लेकीने मधेच एक केशरी पट्टी आणून लावली, तिच्या शाळेच्या टीशर्टची, सुया पण तीच ओवते हल्ली (एका सुईला पाच मिनिटं आणि एक चॉकलेट).

डेनिमचे दोन थर आणि बॅटिंग (मधलं भरण), त्यातून हाताने टाके घालायला कोण कितव्या नंबरची सुई वापरतं? माझ्या दोन मोडल्या.