माणसांकडून यादीकडे

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावाची मतदारयादी घरोघर फिरून कशी तपासायची, हे मला शिकवलं ढाक्याच्या एका कार्यकर्तीने, पुण्यातल्या शिबिरात. तिच्याकडे २२ जानेवारी २००७ ला निवडणूक व्हायची होती. यादीत एक कोटीहून जास्त नावं फाजील असल्याचं एका अमेरिकन संस्थेच्या पाहणीत निघालं होतं. विरोधकांचा बहिष्कार होताच. ११ जानेवारीला युरोपीय संघाने निरीक्षक मागे घेतले, संयुक्त राष्ट्रांनी मदत थांबवली आणि त्याच दिवशी आणीबाणी लागली. पुढे फोटोसकट नवी यादी झाली, आठ कोटींवर नावांची, आणि मतदान २९ डिसेंबर २००८ ला. परदेशी निरीक्षकांबद्दल ती म्हणाली, "पाहुणे मतदानाला येतात. यादी वर्षभर आधीपासून बिघडत असते, ती गावातल्या माणसालाच दिसते." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

तपासणी दोन अंगांनी करायची. आधी यादीतली नावं घेऊन माणसं शोधायची, मग घरातली माणसं विचारून त्यांची नावं यादीत शोधायची. कर्नाटकात १० मे २०२३ ला विधानसभेचं मतदान होतं. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव चढत नाही, म्हणून आम्ही तिघी फेब्रुवारीतच निघालो. उतरवून घेतलेली यादी कन्नडमधली. मला वाचता येते, बरोबरच्या दोघींना नाही. सगळी नावं देवनागरीत लिहायला दोन रात्री गेल्या.

पहिलं अंग लवकर उरकलं. गोव्यात कामाला असलेल्या पोरांची नावं काढा म्हणणारे काही भेटले. घर इथे, शेत इथे, जत्रेला नि गणपतीला हजर. मी कुणाविरुद्ध नाव काढायचा, म्हणजे सात नंबरचा अर्ज भरला नाही.

खरं काय ते दुसऱ्या अंगाने कळलं. गळालेल्या नावांत बहुतेक बायका होत्या. वरच्या आळीतल्या म्हातारीने तांदळाच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार कार्ड काढलं. "कार्ड हाय की माझ्यापाशी! मग नाव कसं न्हाई?" लेकीच्या बाळंतपणाला ती दोन महिने सावंतवाडीला होती. घराला कुलूप दिसलं, ती स्थलांतरित ठरली. कार्ड असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे तिला सांगताना माझाच घसा दाटला.

नाव नव्याने चढवायचा सहा नंबरचा अर्ज भरला, तो कचेरीतून परत आला. जुन्या कार्डावर पारव्वा, आधारवर पार्वती. "या दोन बायका आहेत," असं उत्तर मिळालं. आमच्या भागात मराठी घरातल्या पार्वतीची कन्नड कागदावर पारव्वा होते, हे तिथे बसणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तीन हेलपाटे झाले. शेवटी बूथचं काम बघणाऱ्या अंगणवाडी सेविकेने शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन पंचनामा लिहून दिला, तेव्हा अर्ज मंजूर झाला. त्या बाईने स्वतःची रविवारची सुट्टी घालवली.

मतदानादिवशी पारव्वा सकाळी सातलाच रांगेत होती. दोन सुनांची नावं मात्र माहेरच्या यादीतच राहिली. त्यांचे नाव इकडे हलवायचे आठ नंबरचे अर्ज नंतर भरले आणि ७ मे २०२४ ला लोकसभेला दोघींनी इथे मत दिलं. वही अजून माझ्याकडेच आहे. यंदा खालच्या आळीपासून सुरुवात केली.