पंधरा गुंजा

माळ्यावर गणपतीचं मखर शोधायला चढलो आणि बाबांच्या एलपींचं खोकं घेऊन उतरलो. चाळीसेक तबकड्या, बहुतेक ख्यालाच्या. मग दोन बुधवार आणि एक रविवार जुन्या बाजारात घालवून टर्नटेबल मिळवलं, बेल्ट बदलला, नवी कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी डबी, बसवली. एका टवका उडालेल्या पायाखाली लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सारला आणि तबकडी लावली.

विलंबित झकास. तानपुऱ्याची आस, समेवरचा तबला, सगळं जागच्या जागी. द्रुत बंदिश सुरू झाली आणि आवाज फाटला. तानेत तर गवई तोंडात खडीसाखर धरून गातोय असं वाटावं.

"रेकॉर्ड घासलीय," असं मी जाहीर करून टाकलं. पण दुसरी लावली, तिसरी लावली, प्रत्येकीला शेवटाशीच हा आजार. तबकडी मिनिटाला ३३ आणि वर एक-तृतीयांश फेरे घेते, सुई कडेला असो की लेबलाजवळ. पण कडेला सेकंदाला अर्धा मीटर खाच सुईखालून सरकते, लेबलाजवळ, म्हणजे बाजू संपताना, जेमतेम वीस सेंटिमीटर. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, तिथे सुई जराशी तिरकी असली तरी ऐकू येते. आणि आपला ख्याल असा की आलापी चौसोपी वाड्यात आणि सगळ्या ताना बोळात! १९४८ साली अमेरिकेत एलपी आली तेव्हा कोणी द्रुताचा विचार केला असेल असं वाटत नाही. अर्थात सिंफनीवाल्यांचाही गडगडाट शेवटालाच असतो, त्यांनाही हा ताप असणारच.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझे बाबा त्या दांडीच्या टोकावर चार आण्याचं नाणं चिकटवायचे. मग नाही उड्या मारत सुई."

ते नाणं साधारण अडीच ग्रॅमचं. माझ्या सुईला सगळा मिळून भार हवा १.८ ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या हिशेबात पंधरा गुंजा. थोडक्यात, बाबा एलपी वाजवत नव्हते, नांगरत होते. हे अर्थात आईला बोललो नाही.

मी मात्र उलट्या टोकाला होतो. दांडीमागचं वजन फिरवून आकडा १.८ वर आणला होता, पण छोटा डिजिटल काटा आणून मोजलं तर १.३. कमी भार म्हणजे तबकडीवर दया, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, खडखडते आणि भिंती खरवडते.

मग कोन. कार्ट्रिज दोन बारीक स्क्रूंवर असते, ती केसभर पुढेमागे सरकवून कागदी नकाशावरच्या रेघांना समांतर आणायची. मध्यापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर, अशा दोन ठिकाणी. कोपऱ्यावरच्या दुकानात नकाशा छापून घेतला. त्या भल्या माणसाने तो पानात छान बसावा म्हणून थोडा लहान केला होता. एक अख्खी संध्याकाळ मी त्या चुकीच्या नकाशावर, चष्मा कपाळावर ढकलून, श्वास रोखून काढली. दुसऱ्या दिवशी फूटपट्टी लावल्यावर उलगडा झाला. पुन्हा छापून आणला, पुन्हा स्क्रू सैल केले.

रात्री तीच बाजू लावली. तान आली आणि दाणा दाणा वेगळा ऐकू आला. अगदी शेवटच्या तिहाईला किंचित खरखर राहिली. ती बहुधा बाबांची.

खोकं माळ्यावर परत ठेवताना तळाशी ते नाणं सापडलं, पिवळ्या पडलेल्या सेलोटेपसकट. काट्यावर ठेवलं. २.६.

"किती भरलं?" आईने विचारलं.

"एकवीस गुंजा."

"बघ," ती म्हणाली, आणि नाणं देवघरातल्या डबीत टाकून आली.