आज पसरणी घाट

पाय अजून बोलतायत. वाईत पळणाऱ्याला दोनच गोष्टी मिळतात: नदीकाठ नाहीतर चढ. रोजचा माझा रस्ता मेणवलीचा. जेमतेम तीन किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद, चढ नावालाच. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर उतरायचं, १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा बघायची, पाणी प्यायचं आणि परत. त्यात दम लागतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आज मात्र पाचगणीच्या दिशेने वर. पहिल्या वळणांना वाटतं, जमतंय की! मग चढ संपतच नाही. टाचा टेकतच नाहीत, पोटऱ्या भरून येतात, आणि पाऊल लहान केलं की मगच श्वास लयीत येतो. एका वळणावर दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल हळू झाली. "बसताय का?" काकांनी अगदी मनापासून विचारलं. मोह झाला, खोटं का बोलू.

खरा त्रास उतरताना. गुडघे ब्रेकचं काम करतात, त्यात शनिवार, म्हणजे पुण्या-मुंबईच्या गाड्या वळणावरसुद्धा ओव्हरटेक करणार. घाट पळायचा तर उजेड पडताच निघा आणि समोरची गाडी दिसेल अशा उजव्या कडेने पळा. हेडफोन घरीच ठेवा.

रविवारी धोम धरणापर्यंत जायचा विचार आहे. कुणी येणार असेल तर कळवा. वेग मात्र गप्पा मारता येतील एवढाच.