तोड का दिली नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून येऊन घर भरलं, की हा प्रश्न एकदा तरी निघतोच. पालखी दारावरून पुढे जाते, जेवणं होतात, माणसं पडवीत टेकतात आणि कुणीतरी समोरच्या डोंगराकडे बघत म्हणतं, "काकी, सगळ्यांनी आपल्या रानाची तोड व्यापाऱ्याला दिली, तुम्हीच का नाही दिलीत? दहा-बारा वर्षांत परत येतंच की रान." यंदा सुनेच्या माहेरच्यांनीही तेच विचारलं. दरवेळी मी थोडंसं सांगते आणि मध्येच कुणाला तरी चहा हवा असतो, की विषय तिथेच राहतो. म्हणून आज बसून सगळं लिहिते आहे.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याचं जंगल अगदी थोडं. डोंगरावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं. आमचं रान 9 एकर आणि सातबाऱ्यावर नावं 11. त्यातले आम्ही दोघं गावात, बाकी सगळे मुंबई-ठाण्याला. अशा सामायिक रानावर व्यापाऱ्याचं बरोबर लक्ष असतं. मुकादम येतो, एक चक्कर मारतो आणि उक्ता सौदा सांगतो. 2012 साली आम्हाला एकरी 15,000 सांगितले होते. पुढे कटर लागतं, ट्रक लागतो आणि महिन्याच्या आत डोंगर बोडका होतो. लाकूड घाटावर जातं, विटभट्टीला, नाहीतर कारखान्याच्या बॉयलरला. खैर असेल तर कातभट्टीला. काय झाड होतं, किती वर्षांचं होतं, ते कुणी विचारत नाही. सगळं टनावर मोजलं जातं.

ज्यांनी तोड दिली त्यांना नावं ठेवायला मी बसलेले नाही. आमच्या वरच्या वाडीतल्या एका घरानं मुलीच्या ऑपरेशनसाठी रान दिलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिलं असतं. डोंगरावरचं रान म्हणजे कोकणातल्या माणसाची अडीनडीची ठेव, आणि ती मोडायची वेळ कुणावर कधी येईल सांगता येत नाही. म्हणूनच वेळ आलेली नसताना ती मोडू नये, एवढंच मला वाटतं.

आता, परत येतं का? येतं. खोटं कशाला सांगू? ऐन, किंजळ, कुंभा यांचे खुंट मेलेले नसतात. पहिल्याच पावसात त्यांना फुटवे येतात आणि तीन-चार वर्षांत लांबून बघणाऱ्याला डोंगर भरलेला दिसतो. आमच्या शेजारचा उतार 2011 साली तुटला, तोही आज हिरवा आहे. पण आत शिरून बघा. एकेका खुंटावर पाच-सहा काठ्या, सगळ्या एकाच वयाच्या, मनगटाएवढ्या. मध्ये रानमोडीचं तण माजलेलं. वेल नाहीत. रानमिरी नाही, वावडुंग नाही. व्यापारी दहा-बारा वर्षांनी परत येणार ते ह्याच काठ्या न्यायला. म्हणजे परत येतं ते सरपण. सासूबाई ज्याला रान म्हणायच्या ते येत नाही, आणि दर तोडीला ते आणखी मागे जातं.

जुलैत आलात तर मी तुम्हाला एकच गोष्ट दाखवेन. धो धो पाऊस असताना आमच्या रानात चला आणि खाली वाका. वरचा पाऊस पानापानांवर फुटत, खोडांवरून ओघळत खाली येतो, पण जमिनीवर पाणी पळताना दिसत नाही. पायाखाली वीतभर पातेरा असतो. हात घालून तो उपसा. वरची पानं अख्खी, ओली, चकचकीत. त्याखालची जाळी झालेली, नुसत्या शिरा उरलेल्या. त्याखाली काळा भुगा, त्यात पांढऱ्या बुरशीचे दोरे, गांडुळं, वाणी, पैसे असले किडे. मूठ आवळलीत तर पाणी निथळतं. तिथून दगडी गडगा ओलांडून शेजारच्या उतारावर या. तिथे पाण्याचे तांबडे ओहळ झालेले असतात आणि खुंटांची मुळं उघडी पडलेली असतात. पाऊस तोच आणि डोंगरही तोच, फरक फक्त त्या वीतभर थराचा. तो थर कुणी लावू शकत नाही. तो साठायला किती पावसाळे लागतात आणि जायला किती, ते त्या गडग्यावर उभं राहिलं की कळतं.

आमच्या वाडीचं पाणी डोंगरातल्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाइप टाकून आणलेलं आहे, मोटार नाही की वीजबिल नाही. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकरची वाट बघणारी गावं इथेच आहेत. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. चार महिन्यांत पडलेलं पाणी हळूहळू सोडायचं काम ह्या डोंगरांवर रानच करतं. शेजारच्या उताराखालचा पऱ्या पूर्वी मे महिन्यातही करंगळीएवढा वाहायचा, आता फेब्रुवारीतच दगड दिसतात. आमचा अजून टिकून आहे. एका पऱ्यावरून शास्त्र मांडू नये, हे मला कळतं. झाडंही पाणी पितात आणि जोरात वाढणारी कोवळी झाडं तर जास्तच ओढतात. पण वाडीत 14 घरं आहेत आणि पाणी कुठून येतं हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे.

चिपळूणला माझी बहीण असते. 22 जुलै 2021च्या पुरात तिच्या तळमजल्यात छताला पाणी लागलं. तीन दिवसांनी मी पोचले तेव्हा घरात घोट्यापर्यंत चिखल होता. आम्ही फावड्यानं ओढून काढला. तो चिखल तांबडा होता आणि बोटांत घेतला तर पिठासारखा मऊ. कुठल्यातरी डोंगराची माती होती ती. पूर एकाच कारणानं आला असं मी म्हणणार नाही. पाऊस भयंकर होता, भरती होती, कोयनेच्या वीजघरांचं पाणीही वाशिष्ठीतच येतं. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली आणि वाडीच्या वाडी गाडली गेली. रान राखलं असतं तर दरड आलीच नसती असंही कुणी ठामपणे सांगू नये, एवढ्या पावसात जंगलातलेही कडे सुटतात. पण नदीच्या पात्रात वर्षानुवर्षं साठलेला गाळ आभाळातून पडलेला नव्हता. नंतर चिपळूणकरांना तो काढा म्हणून उपोषणाला बसावं लागलं. वर डोंगरात तोडीचे पैसे आमच्यासारख्यांनी घ्यायचे आणि खाली गाळ बहिणीनं उपसायचा, हे मला सहन होत नाही.

आणि बेहडा. हा भाग मी नेहमी शेवटी सांगते, तोवर ऐकणारे उठून गेलेले असतात.

आमच्या रानात मधोमध एक बेहडा आहे. दोन माणसांच्या कवेत मावत नाही. सासरे म्हणायचे, आम्ही लहान होतो तेव्हाही तो एवढाच होता. जमिनीपासून तीसेक फुटांवर, जिथे एक जुनी फांदी कधीतरी मोडली, तिथे ढोली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ककणेराची जोडी येते. काळा-पांढरा मोठा धनेश, चोचीवर शिंग असलेला. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा चोथा यांनी आतून तोंड लिंपून घेते. फक्त एक उभी फट ठेवते, चोच मावेल एवढी. पुढचे तीनेक महिने तिचा आणि पिल्लांचा जीव नराच्या फेऱ्यांवर. त्याला काही झालं तर आतल्यांच्या जिवावर बेततं.

एका एप्रिलमध्ये मी समोरच्या खडकामागे सकाळी सहाला जाऊन बसले होते. पंखांचा आवाज आधी येतो, जवळच कुणी नारळाचं झाप हलवल्यासारखा. नर खोडाला बिलगला, मान मागे टाकली आणि घशातून एकेक फळ चोचीच्या टोकावर आणू लागला. पिकलेली उंबरं होती. आतून चोच पुढे यायची, फळ घ्यायची, परत आत. मी मोजलं, 31. मग त्यानं एकदा चोच खोडावर घासली आणि निघून गेला. पुन्हा यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात तो कुठे कुठे फिरला असेल, किती झाडांच्या बिया कुठे टाकल्या असतील, ते त्यालाच माहीत. ढोलीखालच्या जमिनीवर मात्र मी दर जूनमध्ये बघते, कितीतरी जातींचे कोंब असतात. मी रोपवाटिका चालवायची म्हटली तर एवढ्या जाती मला जमणार नाहीत.

आता फुटव्याच्या काठीला ढोली कुठून येणार? ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, आत कुजावं लागतं. दर बारा वर्षांनी तोडलेल्या रानात कितीही झाडं असली तरी ककणेराला घर नाही. मुकादमानं तो बेहडा बघून सांगितलं होतं, "हा एकटाच गाडी भरेल."

झाडं लावायला माझा विरोध नाही. राज्यात 2019 साली 33 कोटी झाडं लावायचं ठरलं, तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलांबरोबर मीही खड्डे खणले. पण लावलेलं झाड आणि राखलेलं रान यांची बदली करता येत नाही. आमच्याकडे सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आणि रस्त्याकडेला अकेशिया लावून ठेवलाय. त्याच्याखाली जाऊन बघा, पानं वर्षभर तशीच कोरडी पडलेली असतात आणि खाली गवतही धड येत नाही. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला कान्हळाची राई आहे. दलदलीत उभी रानजायफळाची झाडं, त्यांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली. 2021 साली शासनानं तिला जैवविविधता वारसास्थळ जाहीर केलं. ती राई देवाची म्हणून लोकांनी राखली होती, म्हणून जाहीर करायला काहीतरी उरलं. अशी जागा तोडून तिच्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावतो म्हणणाऱ्याला नक्की काय सांगायचं?

आपल्या माणसांना हे कळत नव्हतं असं नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक 1970च्या दशकात देवरायांचा अभ्यास करत हिंडत होते, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाच्या लोकांनी त्यांना साकडं घातलं. काळकाईची राई तोडीला निघाली होती आणि गावाचा बारमाही ओढा तिच्यातूनच यायचा. ते दोघे गेले, बघितलं, लिहिलं आणि राई वाचली. गावानं पाण्याचं सांगितलं होतं, राईतल्या गारंबीच्या वेलाचं सांगितलं होतं. देवीचा कोप हे एकच कारण त्यांनी पुढे केलं नव्हतं.

राहता राहिले पैसे. माझा राग कुणावर असेल तर तो ह्या व्यवहारावर आहे. रान तोडून काजू लावला तर अनुदान मिळतं, रोजगार हमीतून फळबागेची योजना 1990पासून आहे आणि कोकणात तिनं संसार उभे केले हे मी मानते. आमचीही कलमं त्यातलीच. पण उभं रान राखणाऱ्याला आमच्या गावात आजवर कुणी एक रुपया दिलेला नाही. खालच्या गावांना पाणी मिळतं, शहराला हवा मिळते, आणि सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस मात्र मुलीच्या फीचे पैसे कुठून आणू म्हणून व्यापाऱ्याला फोन करतो. रान राखायचं ते सगळ्यांसाठी, तर त्याची किंमत एकट्यानं का भरायची?

आम्ही ती भरली. 2012 साली दीर-जावांचं म्हणणं साधं होतं, आमच्या वाट्याचे पैसे मिळाले तर रान ठेवा. ह्यांनी आणि मी हिशेब केला आणि तोडीच्या भावानं प्रत्येकाचा वाटा काजूच्या पैशातून चार वर्षांत फेडला. त्या चार वर्षांत घराचं छप्पर बदलायचं राहिलं. धाकट्या जावेनं तिचा शेवटचा हप्ता घेतला नाही. म्हणाली, माझ्या वाट्याचं तेवढं रान माझ्या नावानं राहू दे.

कवळ, म्हणजे भातरोपांच्या जागेवर जाळायच्या फांद्या, आम्ही आजही त्याच रानातून आणतो, भाजावळीपुरती. शिकेकाई उतरवतो, बेहड्याची फळं वेचून विकतो, वाळलेलं सरपण घेतो. कुंपण घालून रान बंद केलेलं नाही.

हे गेल्यापासून हद्दीवर एकटीच जाते. नावं अजून 11च आहेत, पण त्यातली चार वारसांची, आणि त्या मुलांनी रान फक्त पडवीतून बघितलंय. वरच्या अंगाचा गडगा दोन ठिकाणी ढासळलाय, हद्दीचा एक दगड रानमोडीत गेलाय. येत्या मेच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावलं आहे. सकाळी लवकर निघायचं, कोयते बरोबर घ्यायचे. बेहड्याखालून जाताना मात्र बोलायचं नाही, मे महिन्यात मादी आत असते.