सिनसिनाटी: शनिवार-रविवारात दोघांसाठी

शिकागोहून आय-६५ महामार्गाने इंडियानापोलिस आणि पुढे आय-७४, साधारण ३०० मैल. वाटेत घड्याळ तासभर पुढे जातं, तेव्हा शुक्रवारी रात्रीच्या जेवणाचं टेबल त्या हिशोबाने ठेवा. विमानाने आलात तर उतराल ओहायो नदीपलीकडे, केंटकी राज्यात. तिथून 'टँक' या तिकडच्या बससेवेची बस थेट डाउनटाउनला आणते.

हॉटेल घेण्याआधी रेड्स (बेसबॉल) आणि बेंगल्स (अमेरिकन फुटबॉल) या इथल्या संघांच्या सामन्यांच्या तारखा बघा. दोन्ही स्टेडियम नदीकाठीच आहेत, त्यामुळे सामन्याच्या दिवशी खोली आणि पार्किंग दोन्हींचे दर चढतात. ट्रामच्या मार्गाजवळ राहा आणि गाडी एकदा लावली की लावली.

ट्राम २०२०पासून फुकट आहे. ३.६ मैलांचा फेरा, १८ थांबे. पण जाते एका रस्त्याने, येते दुसऱ्याने. नवखे लोक उतरले त्याच थांब्यावर परतीसाठी ताटकळतात. परतीचा थांबा बहुधा शेजारच्या समांतर रस्त्यावर असतो.

शनिवारी सकाळी फिंडले मार्केट गाठा. १८५५पासूनचा हा बाजार सोमवारी बंद असतो, आणि शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. तिथून दक्षिणेला चालत यावं ते ओव्हर-द-राइन या जुन्या वस्तीतून: जर्मन वस्तीच्या विटांच्या उंच, अरुंद इमारती, १८७८चा म्युझिक हॉल आणि समोर २०१२मध्ये नव्याने खुलं झालेलं वॉशिंग्टन पार्क. वीस वर्षांपूर्वी इथली कितीतरी घरं ओस होती. आज तळमजल्यावर महागडी कॉफी मिळते, आणि जुन्या भाडेकरूंना त्याची किंमत मोजावी लागली, हेही खरं. सेंट्रल पार्कवे ओलांडताना पायाखाली जुन्या कालव्याची जागा आणि कधीच न धावलेल्या भुयारी रेल्वेचे बोगदे आहेत.

संध्याकाळी रोबलिंग पुलावरून चालत केंटकीतल्या कव्हिंग्टनला जा. १,०५७ फुटांचा त्याचा मधला गाळा १८६६मध्ये जगात सर्वांत लांब होता. तो बांधणाऱ्या अभियंता रोबलिंगने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा त्यानंतर केला. गाडीचा रस्ता लोखंडी जाळीचा असल्याने टायर गुणगुणतात. शहराचे दिवे पलीकडूनच नीट दिसतात, म्हणून अंधार पडेपर्यंत तिथेच थांबा. वसंतात नदी फुगली की काठच्या खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, तेव्हा वरच्या वाटेने चालावं.

खाण्याचं: 'सिनसिनाटी चिली' म्हणजे दालचिनी घातलेला पातळ खिमा, खाली स्पगेटी, वर किसलेल्या चेडरचा डोंगर. खिमा गोमांसाचा असतो. 'फाइव्ह-वे' या पाच थरांच्या प्रकारात कांदा आणि राजमा वाढतो, मांस कमी होत नाही. शाकाहारी असाल तर काळ्या घेवड्याचा पर्याय आहे का, ते आधीच विचारा. ग्रेटर्सचं ब्लॅक रास्पबेरी चिप आइस्क्रीम मात्र चुकवू नका. ते अडीच गॅलनच्या छोट्या घाण्यात बनतं आणि चॉकलेटचे तुकडे चांगले जाडजूड येतात.

रविवारी परत निघताना युनियन टर्मिनल हे रेल्वे स्टेशन बघून घ्या. १९३३चा अर्धघुमट आणि आतली भित्तिचित्रं तिकिटाशिवाय दिसतात. आतल्या संग्रहालयांना तिकीट लागतं.