गुकेश रोमानियाकडून कसा काय खेळला?

ऑक्टोबर २०२५ नंतर हा प्रश्न मला घरच्या फोनवर बऱ्याच जणांनी विचारला. तो देशाकडून नाही, क्लबकडून खेळला. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर युरोपियन क्लब कप ही बुद्धिबळ क्लबांची सांघिक स्पर्धा होती. तिथे आपला जगज्जेता ‘सुपरचेस’ या रोमानियन क्लबच्या पहिल्या पटावर बसला आणि कप त्याच क्लबने जिंकला. सांघिक बुद्धिबळ म्हटलं की आपल्याला देशांच्या संघांचं ऑलिंपियाड आठवतं, २०२४ मध्ये बुडापेस्टला मिळालेली दोन सुवर्णपदकं आठवतात. युरोपात मात्र हा खेळ क्लबांवर उभा आहे.

मी जर्मनीत अगदी तळाच्या विभागात खेळतो. रविवारी आम्ही आठ जण गाड्यांमध्ये दाटीवाटीने बसून शेजारच्या गावी जातो आणि संध्याकाळपर्यंत पटावर असतो. याच रचनेत सगळ्यात वर बुंडेसलिगा आहे. तिथेही आठच पट, पण त्यांच्यावर ग्रँडमास्टर. विश्वनाथन आनंद बाडेन-बाडेनकडून खेळायचा ते इथेच.

क्लब कपात संघ सहा जणांचा आणि फेऱ्या सात, स्विस पद्धतीने, म्हणजे कुणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे संघ समोरासमोर येतात. महिलांची स्पर्धा वेगळी, चार पटांची. मला सगळ्यात आवडते ती पहिली फेरी. वरच्या मानांकनाच्या संघांसमोर यादीच्या खालच्या अर्ध्यातले संघ येतात, त्यामुळे नोकरीतून रजा काढून आलेला हौशी खेळाडू जगातल्या पहिल्या वीसांतल्या कुणासमोर तरी बसतो. २०२३ मध्ये अल्बेनियातल्या कपात माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन स्वतः स्थापन केलेल्या ‘ऑफरस्पिल’ क्लबकडून उतरला होता, आणि तो कप त्यांनीच नेला. बाकी कुठल्या खेळात हौशी माणसाला असा प्रतिस्पर्धी मिळतो, मला तरी माहीत नाही.

पण खरी गंमत हिशोबात आहे. सहा पटांवर साडेतीन गुण झाले की सामना जिंकला, आणि तक्त्यात आधी सामन्याचेच गुण धरतात, जिंकल्यास दोन, बरोबरीला एक. समजा पाच डाव संपलेत आणि तुमचा संघ ३-२ ने पुढे आहे. शेवटच्या पटावर तुमच्याकडे एक प्यादं जास्त आहे. एकट्याची स्पर्धा असती तर तुम्ही जिंकायला बसला असता. इथे अर्धा गुण पुरतो, म्हणून बरोबरी घ्यायची आणि उठायचं. उलट २-३ ने मागे असाल, तर पटावर काही उरलेलं नसतानाही समोरून आलेला बरोबरीचा प्रस्ताव नाकारावा लागतो. मग माणसं धोका पत्करून घोडा पुढे घुसवतात, कधी हरतातही, आणि त्यांना कुणी बोल लावत नाही.

अशा वेळी कर्णधाराला विचारता येतं, ‘बरोबरी घेऊ का?’ त्याने हो म्हणावं, नाही म्हणावं किंवा निर्णय तुमच्यावर सोडावा. पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. या तीन उत्तरांत कर्णधाराची सगळी समज दिसते. शेजारचा पट किती वेळ टिकेल, कुणाच्या घड्याळात किती मिनिटं उरली आहेत, हे सगळं त्याला तुमच्याकडे येण्याआधीच पाहून ठेवावं लागतं. आमचा कर्णधार पूर्ण सामनाभर उभा असतो, स्वतःची खेळी आली की तेवढा बसतो.

तुमच्यापैकी कुणी शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत येणार असेल, तर क्लबची चौकशी उन्हाळ्यातच करा. हंगाम शरद ऋतूत सुरू होतो, आणि कोण कितव्या पटावर खेळणार याची यादी त्याआधीच द्यावी लागते.